धाकटीचा साहेब

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आधी मला बघायला आला होता. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कधी बोलून दाखवलं नाही. मीही नाही. पण पुढं सरकारात त्यांची एकेक बढती होत गेली, तशी ती जुनी गोष्ट माझ्या मनात पुन्हापुन्हा वर येत राहिली.

आमचं माहेर चिकोडीजवळचं. आप्पांची शेती जोंधळ्याची आणि तंबाखूची. शेतकी खातं म्हणजे काय हे तेव्हा आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं. अशात एक दिवस पुण्याच्या कॉलेजात शेतकी शिकलेला एक तरुण गावात आला. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, पायांत बूट, आणि मागं बैलगाडीत एक लोखंडी नांगर. तो नांगर चालवून दाखवायचा, एवढंच त्याचं काम. चावडीपुढं त्यानं लोकांना समजावून सांगितलं. लोक ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. लोखंडानं भुई इखारी होते, तिला विष चढतं, असं आमच्याकडं मानत. कुणी आपलं रान द्यायला तयार होईना.

शेवटी आप्पांनी विहिरीजवळची एक पट्टी दिली. त्यांना त्या नांगराचं कौतुक होतं असं नाही. आपल्याच जातीतलं, जैनाचं पोर उन्हात उभं आहे आणि त्याला कुणी विचारत नाही, हे त्यांना बघवेना. त्यानं कोट काढून बाभळीला अडकवला आणि स्वतः नांगर धरला. नांगराच्या रेघेची पहिली दोन तासं नीट गेली. तिसऱ्याला बूट चिखलात रुतला आणि पाय तेवढा वर आला. मी आणि धाकटी गोठ्याच्या आडून बघत होतो. मी तोंडावर पदर धरला. ती तेव्हा परकरात होती, ती खदखदून हसली. त्यानं वळून बघितलं, आणि तोही हसला.

त्यानंतर त्याच्या चुलत्यांनी आप्पांकडं माझ्यासाठी शब्द टाकला. मला पाटावर बसवलं. नाव, गाव, बस्तीत म्हणजे आमच्या जैन मंदिरात पाठ म्हणता येतो का, हे सगळं वडीलधाऱ्यांनी विचारून झाल्यावर त्यानं एकच प्रश्न केला, "तुमच्या मळ्यात यंदा काय काय हाय?"

मी मान खाली घातली. लाज होतीच, पण खरं सांगायचं तर मला ते नीट माहीतही नव्हतं. दाराआडून धाकटी ओरडून म्हणाली, "तंबाखू, जोंधळा, आनि हिरीजवळ मिरच्या." सगळे हसले. आईनं तिला आत ओढलं.

पाहुणे गेल्यावर आप्पा म्हणाले, "पोरगा ग्वाड हाय. पन नोकरी फिरतीची. आज हितं, उद्या तितं. बिऱ्हाड पाठीवर घिऊन हिंडायचं लेकीनं?" त्याच सुमाराला निपाणीहून दुसरं स्थळ सांगून आलं. तंबाखूचे मोठे व्यापारी, आप्पा ज्यांच्याकडं माल घालायचे तेच. चौकाचं घर, पाठीमागं वखार, दाराशी छकडा. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी निपाणीच म्हटलं असतं. लग्नात मी गळाभर सोनं घालून बसले होते आणि नांगर घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाचा मला पार विसर पडला होता.

पहिल्या लढाईच्या शेवटी तापाची मोठी साथ आली. त्यात आप्पा गेले. धाकटी लग्नाची झाली होती आणि घर आमच्या चुलत्यांच्या हातात गेलं होतं. चुलत्यांना ती लवकर उजवायची होती. तो नांगरवाला अजून बिनलग्नाचा होता. त्यानं पुन्हा विचारणा केली, या वेळी धाकटीसाठी, आणि देण्याघेण्याचा शब्द काढला नाही. लग्न बस्तीच्या ओसरीवर उरकलं. मी माझं जरीचं एक जुनं लुगडं तिला दिलं आणि सासरी परत येताना मोटारीत मालकांना म्हटलं, "बिचारी."

माझ्या नवऱ्याला मी मालकच म्हणत आले. ते म्हणाले, "ज्याचं त्याचं नशीब."

पुढची काही वर्षं मी तिला बिचारीच म्हणत होते. आज धारवाड, उद्या विजापूर. एकदा नवऱ्यामागं कणकुंबीच्या जंगलात गेली होती, तिथं जळवा लागून पाय सुजले म्हणून आई सांगत होती. मी साजूक तुपाचा डबा पाठवून दिला. तुपाचा डबा पाठवण्यात एक सुख असतं. ते मी पुष्कळ दिवस उपभोगलं.

मग त्यांची बेळगावला बदली झाली, वरच्या जागेवर. मला पोटाचं दुखणं होतं आणि कॅम्पातल्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून मी तिच्याकडं राहायला गेले. तो बंगला सरकारी होता. पुढं व्हरांडा, कुंपणाला मेंदी, मागं चिंचेची झाडं. नोकर होता, पण पाणी तिनंच दिलं. अंगावर साधं शहापुरी लुगडं, गळ्यात काळी पोत. माझ्या अंगावर तिच्या दसपट होतं, आणि तरी त्या घरात पाय ठेवल्याबरोबर मला आपण काहीतरी जास्त घातलंय असं वाटायला लागलं.

बंगल्याचं मला काही वाटलं नाही. आमचं घर त्याहून मोठं होतं. जे वाटलं ते संध्याकाळी.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ते लवकर घरी आले. बुटाला चिखल, कोटाला धूळ. कंग्राळीहून आले होते. तिथल्या लोकांना ते बटाट्याची लागवड सुधारून देत होते. आम्ही जैन कंद खात नाही, म्हणून आईला याचं फार हसू यायचं. ती म्हणायची, "जे आपन तोंडात घालत न्हाय ते लावा म्हनून गावभर सांगत फिरतोय." ते व्हरांड्यात बसले, बूट काढले आणि धाकटीला म्हणाले, "ऐकलंस का? बी कापून लावू नका, पावसात कुजतं, म्हणून घसा कोरडा केला. कुणी ऐकत नाही. अख्खं बी लावलं तर बी जास्त लागतं म्हणतात. काय करावं?"

मला वाटलं, काय करावं हे ते स्वतःलाच विचारतायत. पण ते थांबले होते. तिच्या तोंडाकडं बघत होते.

तिनं तांदूळ निवडता निवडता सांगितलं, "सांगू नकासा. एकाच्याच रानात निम्मं कापून लावा, निम्मं अख्खं लावा. आनि गप बसा. शेजारचा बांधावरनं बघंल की."

"आणि तो एक कोण धरायचा?"

"ज्याला सगळी हसत्यात त्यो. त्याचं जास्त आलं तर बाकीच्यांना झोप लागायची न्हाय."

ते मोठ्यानं हसले आणि मग बराच वेळ त्यावर बोलत बसले. कुणाचं रान घ्यावं, पाटील चिडेल का, वरच्या गोऱ्या साहेबाला काय कळवावं. ती मधूनच एखादं वाक्य बोलायची. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माझ्या पोटात कळ आली, आणि ती दवाखान्याची नव्हती.

माझ्या लग्नाला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मला मुलगे झाले होते. घरातल्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. पण काय करावं, असं मालकांनी मला कधी विचारलं नव्हतं. भाजी काय करावी हेसुद्धा नाही. ते सासूबाई ठरवत. निपाणीला परत आल्यावर एक दिवस हिय्या करून मी विचारलं, "आज बाजार कसा हाय?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मला तापच आलाय. म्हणाले, "तुला काय करायचंय? डबं रिकामं झाल्यात काय?"

त्या दिवसापासून मी धाकटीला बिचारी म्हणणं सोडलं.

हेवा ही अशी वस्तू आहे की तिला कशाचंही खाद्य चालतं. आई दोन्हीकडं आळीपाळीनं राहायची. माझ्याकडं आली की तिकडचं सांगायची. "जावई तिला इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला शिकवतोय." "गोऱ्या साहेबाची मड्डम आलती, तिच्याशी दोन शब्द बोलली ती." मी म्हणायचे, "व्हय काय? बरं हाय की." आणि चुलीत लाकूड पुढं सारायचे. मी मराठी चौथीपर्यंत शिकले होते. हट्टानं मीही वर्तमानपत्र मागवायला लावलं. मालकांना वाटलं, त्यात जाहिराती असतात त्या बघायच्या असतील. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे आणि ज्याच्याशी त्यावर बोलावं असं घरात कुणी नसे. लिहिण्यावाचण्याची माझी सवय ही अशी लागली. तिचं मूळ चांगलं नाही, पण सवय चांगली होती.

त्यांची बदली खानदेशात झाली, कापसाच्या कामावर. तिथं धाकटीचा एकुलता एक मुलगा गेला. विषमज्वर. तो गेला तेव्हा साहेब, तिच्या नवऱ्याला आता सगळे साहेबच म्हणत, फिरतीवर होते, त्यांना निरोप पोचायला वेळ लागला. मी मिळेल त्या गाडीनं तिच्याकडं गेले. तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दिवसचे दिवस उचललं नाही. मी तिला न्हाऊ घातलं, भरवलं. मी खरंच रडले, त्या मुलासाठीही आणि तिच्यासाठीही. असल्या वेळी मत्सर कुठं जातो कोण जाणे. मग एक दिवस ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ही नोकरी सोडू का? तू सांगशील तसं करतो." ती नको म्हणाली. मी स्वयंपाकघरात होते. आणि काय सांगावं, ती कळ तिथंही आली. पोर गेलेल्या बहिणीच्या घरात, भाकरी थापताना.

ते नोकरीत राहिले आणि वर जात राहिले. बी, नांगर, खत हे मागं पडलं आणि त्यांच्याकडं बाजाराचं काम आलं. शेतकऱ्यानं पिकवलेला माल कुठं विकला जातो, कसा तोलतात, भाव कोण ठरवतं, हे बघायचं खातं सरकारनं नवीन काढलं होतं. पुण्याला मोठी कचेरी. मालक त्यांना अजून नांगरवालाच म्हणत होते, पण आता आवाज खाली करून.

आणि मग दुसऱ्या लढाईच्या आधी ते निपाणीला आले. सरकारी कामानं, आमच्याच बाजारावर.

आमच्याकडं तंबाखूचा भाव कसा ठरायचा ते सांगते. शेतकरी माल घेऊन आला की तो वखारीपुढं उघडून ठेवायचे. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीनं माल विकणारा दलाल, आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, हातावर उपरणं टाकायचे आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायचे. कुठलं बोट, किती बोटं, यावरून भाव. तोंडानं एक शब्द नाही. शेतकरी बाजूला उभा राहून त्या हलणाऱ्या फडक्याकडं बघत राहायचा. सरकारचं म्हणणं, हे बंद करा, उघडा लिलाव करा, सगळ्यांच्या कानावर पडेल असा भाव बोला.

व्यापारी खवळले. त्यांच्यात मालक पुढं होते. माझ्या मनाला लागलं ते निराळं. साहेब आमच्या घरी उतरले नाहीत, प्रवासी बंगल्यात उतरले. धाकटीला मात्र आमच्याकडं पाठवून दिलं आणि तिच्याबरोबर निरोप, "काम संपेपर्यंत मी कुठल्याच व्यापाऱ्याच्या घरचं पाणी घेणार नाही. आक्कांनी राग मानू नये."

मालक म्हणाले, "बघा. आमचं पानी इटाळलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक वखारीतून घरात आले. त्या वेळी ते कधी येत नसत. सोप्यात बसले, मला हाक मारली आणि म्हणाले, "बस. जरा बोलायचं हाय."

मी दाराशी बसले. ते म्हणाले, "हितं बस, म्होरं."

आणि त्यांनी मला सगळा धंदा सांगितला. उपरण्याखालच्या बोटांचा अर्थ सांगितला, माझा हात हातात घेऊन, बोटं दाबून दाखवली. कुठला माल कुठं जातो, विडीवाले काय बघून घेतात, काळी माती आणि तांबडी माती यांच्या पानात फरक काय, उघड्या लिलावात बाहेरचे व्यापारी येऊन कसे उभे राहतील, सगळं. मी ऐकत होते. लग्न होऊन आल्यापासून ज्या तंबाखूच्या वासात मी श्वास घेत होते, ती मला पहिल्यांदा कळत होती. मी मधे प्रश्न विचारले. त्यांनी उत्तरं दिली. एकदा तर म्हणाले, "हे बरूबर इचारलंस."

शेवटी ते मुद्द्यावर आले. "तू धाकटीशी बोल. त्यो तिचं ऐकतोय म्हंत्यात. म्हनावं, एक हंगाम थांबा. तेवढ्यात आमी वर अर्ज करतो."

एवढ्यासाठी ते होतं. मला समजलं, आणि तरी त्या दुपारचा आनंद कमी झाला नाही. उष्टा का असेना, तो घास मला हवाच होता.

धाकटी मागच्या अंगणात शेवया वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. ती हात पुसत माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मी सांगते की त्यास्नी. पन आक्का, काय व्हायचं न्हाय."

"का गं? तुझं तर लई ऐकत्यात."

"इचारत्यात लई," ती म्हणाली. "ऐकत कुटं? करत्यात ते त्यांच्याच मनाचं. बटाट्याच्या टायमाला एकदा माझं ऐकलं, ते तुझ्या म्होरं. खानदेशात जायाचं नको म्हनून मी पाया पडले होते. तवा बी त्यांनी इचारलंच होतं, जाऊ काय म्हनून."

ती शांतपणे बोलत होती. शेवयांची काडी सारखी करत होती. तिचं मला वाईट वाटलं, पण मनात दुसरंही एक वाक्य आलं: विचारतात तरी.

तिनं नवऱ्याला सांगितलं की नाही हे मी विचारलं नाही. सभा झाली, एका मोठ्या वखारीत. थोरला मुलगा जाऊन आला, त्यानं हकिकत सांगितली. साहेब आधी मराठीत बोलले, मग कानडीत. व्यापाऱ्यांनी गलका केला. बाहेर शेतकरी रस्त्यापर्यंत उभे होते. मालक उठून म्हणाले, आमच्या वाडवडिलांनी लोकांना फसवलं असं सरकारला म्हणायचंय काय? साहेब म्हणाले, "मी कुणाच्या वाडवडिलांबद्दल बोलत नाही. मी फडक्याबद्दल बोलतोय."

त्या संध्याकाळी ते जेवायला आले. दारातच म्हणाले, "काम संपलं. आता पाणी घेतो."

मी गव्हाची गोड हुग्गी केली होती, भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी. दोघे साडू शेजारी शेजारी पाटावर बसले. धाकटी वाढत होती, मी तूप घेऊन उभी होते. मग मालकांना राहवेना.

"पाव्हनं, एक सांगा. हात झाकला तर कुनाचं काय बिघडलं? घेनाऱ्याला ठावं, देनाऱ्याला ठावं."

"देणाऱ्याला कुठं ठाऊक असतं, अण्णा? अडत्याला ठाऊक असतं."

"अडत्या त्याचाच मानूस न्हवं?"

साहेबांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "आक्का, तुम्ही इतकी वर्षं या अंगणातून हे बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या हातात तुपाची वाटी होती. ज्या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो आला तेव्हा मी आधी मालकांकडं बघितलं. मालक ताटाकडं बघत होते. धाकटी आमटीचं भांडं घेऊन थांबली होती.

मी म्हटलं, "मला यापारातलं काय कळतंय. पन आमचं आप्पा लग्नाच्या आदी याच अंगनात माल घिऊन हुबं ऱ्हायाचं. घरी आल्यावर आई इचारायची, भाव काय झाला? तर म्हनायचं, झालाय कायतरी, मला तरी अजून कुटं ठावं हाय."

मग मालक म्हणाले, "तूप वाढ."

मी वाढलं. त्यांनी रागानं म्हटलं की नुसतंच म्हटलं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

जाताना साहेब पायरीवर थांबले आणि धाकटीला म्हणाले, "ऐकलंस? आक्कांनी जे एका वाक्यात सांगितलं, ते मला अख्ख्या सभेत सांगता आलं नाही. असं माणूस कचेरीत पाहिजे होतं."

धाकटी हसली. पण त्याआधी तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी येऊन गेलं, आणि ते मी ओळखलं. मी ते वर्षानुवर्षं आरशात बघत आले होते. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

बाजारात लगेच काही बदललं नाही. अर्ज झाले, चौकशा झाल्या, मग लढाई पेटली. पण उपरणी हळूहळू कमी झाली, भाव बोलून ठरायला लागला, आणि मालकांनी दुसऱ्या कुणाहीपेक्षा लवकर त्यात आपलं बसवून घेतलं. त्यांचा आवाज मुळातच खणखणीत होता. लिलावात तो उपयोगी पडला.

लढाईत धान्याची टंचाई आली तेव्हा सरकारनं साहेबांना धान्यवसुलीच्या कामावर घेतलं. आमच्या चुलत्यांचं जोंधळ्याचं पेव इतरांसारखंच उघडलं गेलं. चुलते तणतणत माझ्याकडं आले, "तुझ्या बहिनीच्या नवऱ्याला घरचं-दारचं काय कळतंय का न्हाय?" पुण्यात धाकटीच्या घरीही रेशनचाच किडका तांदूळ शिजत होता. लोक तिच्याबद्दल कौतुकानं बोलत, साहेबाची बायको असून रांगेत माणूस पाठवते म्हणून. माझ्या घरात जोंधळा होता, गहू होता, आणि मला तिच्या किडक्या तांदळाचाही हेवा वाटला.

पण खरा हेवा काय असतो ते मला अगदी शेवटी कळलं.

मुलग्यांच्या पाठीवर झालेली माझी लेक मॅट्रिक झाली. हुशार होती. निपाणीत पुढं शिकायची सोय नव्हती. तिची मावशी म्हणाली, "माझ्याकडं पाठव. घर रिकामंच हाय." मालक म्हणाले, "पोरगी तिच्या घरात गेली की मग आपली ऱ्हायाची न्हाय." ते माझ्या मनातलंच बोलले. तरी मीच तिची ट्रंक भरली. तिच्या वयाला मला कुणी पाठवलं नव्हतं, एवढाच विचार मी धरून ठेवला.

सुट्टीत ती आली ती निराळीच होऊन. बोलणं पुण्याचं, बसणं मावशीसारखं, तांदूळ निवडायची पद्धतसुद्धा मावशीची. प्रत्येक वाक्याच्या आधी "मावशी म्हणते." मावशी म्हणते, मुलींनी रोज वर्तमानपत्र वाचावं. मी म्हटलं, "आगं, मी तुझ्या जन्माच्या आदीपास्नं वाचतीया." ती म्हणाली, "हो? मला माहीतच नव्हतं." माझ्याच घरात वाढलेली मुलगी.

एकदा ती काकांबद्दल, म्हणजे मावशीच्या साहेबांबद्दल, सांगत होती. कचेरीतून आले की ते तिलाही बसवून घेतात आणि एखादा पेच सांगून विचारतात, तू काय करशील? हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधत होते. तो दोनदा सुटला.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी साहेबांची दिल्लीला नेमणूक झाली. शेती आणि व्यापार यांच्या मोठ्या खात्यात. गोरे साहेब परत निघाले होते आणि त्यांच्या खुर्च्या आपल्या माणसांना मिळत होत्या. वर्तमानपत्रात त्यांचं छायाचित्र आलं. मालकांनी ते वखारीतल्या गुमास्त्यांना दाखवलं, "आमचं साडू" म्हणून. नांगरवाला हा शब्द त्यानंतर आमच्या घरात ऐकू आला नाही.

दिल्लीला जाण्याआधी दोघं माहेरच्या देवदर्शनाला येऊन गेली. लेकही आली होती. ती म्हणाली, तिला दिल्लीला जायचंय, पुढचं शिक्षण तिथं घ्यायचंय, काका सोय करतील. मालकांनी चिडून वखार गाठली. धाकटी मला म्हणाली, "आक्का, तू न्हाय म्हनलीस तर मी तिला न्हेनार न्हाय." मला नाही म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता. लेक उंबऱ्यात उभी होती, कोपरं छातीशी धरून, जशी मी बेळगावच्या बंगल्यात दाराला टेकून उभी होते. मी म्हटलं, "जाऊ दे. थंडीचं कापड ज्यादा घ्या, तिकडं लई गारठा असतोय म्हंत्यात."

बेळगाव स्टेशनवर आम्ही त्यांना पोचवायला गेलो. मालकही आले होते. साहेब स्टेशनमास्तरांशी बोलत उभे होते, लोक येऊन नमस्कार करत होते. लेक खिडकीशी बसली, धाकटी तिच्याशेजारी. वाऱ्यानं लेकीचे केस विस्कटले, तर धाकटीनं ते सहज कानामागं सारले. लेकीला ते जाणवलंही नाही.

धाकटीनं खिडकीतून माझा हात धरला. म्हणाली, "तिची काळजी करू नकोस गं."

काळजी मला नव्हतीच. मला हेवा वाटत होता, दोघींचाही. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, "पोचल्यावर कळवा."

गाडी गेली. मालक बाकावर बसून डोळ्यांतली धूळ पुसत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "उठा. दिवस मावळायच्या आत निपानी गाठायची तर आत्ताच मोटार धरायला पायजे."